धरलेली जागा

१

फिरतं घर म्हटलं की लोकांना मोठी मौज वाटते. वाटू दे. गाडीत राहणाऱ्याला विचारा, तो सांगेल की मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम म्हणजे गाडी सपाट उभी करणं. नाहीतर तव्यावरचं तेल एका कडेला धावतं, बेसिनचं पाणी तुंबतं आणि झोपलेल्या माणसाचं डोकं सकाळी दगडासारखं जड होतं. मी एसटीच्या वर्कशॉपात हयात घालवलेला माणूस. मी काय केलं, गवंड्याची पाणसळ आणून ओट्यावर स्क्रूने बसवून टाकली. चाकाखाली दगड सारायचे, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आला की इंजिन बंद.

त्या पाणसळीची आणखी एक गंमत होती. पायरीवर कुणी पाय ठेवला की चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबायचे, बुडबुडा सरकायचा आणि परत जागेवर यायचा. कोण चढलं ते मी डोळे मिटून ओळखायचो. रंजिता, म्हणजे माझी बायको, चढली तर जेमतेम कळायचं. भाग्येश चढला की रॅकमधल्या ताट-वाट्या वाजायच्या. दांडगा पोरगा आमचा. "अरे हळू चढ, पाटे तोडशी का?" असं मी ओरडायचो आणि तो मुद्दाम दोनदा उड्या मारायचा.

ही गाडी आम्ही बापलेकांनीच बांधली होती, शहाद्याला घरामागच्या मोकळ्या जागेत. पहिल्याच फेरीला निघालो सापुताऱ्याकडे आणि चिंचपाड्याच्या पुढे पोराला ताप भरला. तो ताप डोक्यात गेला. नवापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याने डोळे मिटले होते, ते मिटलेच. काचेच्या खोलीत नळ्या लावून ठेवला त्याला. आत जायला सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. बाकी आम्ही दोघं अंगणात.

गाडी लावायला तिथे वीतभर जागा नव्हती. तिथल्या वॉचमनने सांगितलं की धरणावर जा, अशा गाड्यांसाठी फुकट तळ काढलाय, नळ आहे, संडास आहे, कुणी हटकत नाही. गेलो. मुरुमाचं मैदान, चुन्याने आखलेल्या जागा, पलीकडे पाणी. आणि सगळ्या तळावर मोबाईलला रेंज एकाच ठिकाणी, मोहाच्या झाडाखालच्या जागेवर. दवाखान्याचा फोन आला तर तो तिथेच लागणार होता. त्या जागेवर आमचा जीव टांगलेला होता म्हणा ना.

आणि सुट्टी आली की गुजरातकडच्या गाड्यांची ही रांग लागायची. आम्ही दवाखान्यात गेलो आणि मागे कुणी गाडी घातली, तर काय करायचं? दोन जागा पलीकडे बन्सीलाल नावाचे एक म्हातारे होते. मूळचे नंदुरबारचे, जन्म सुरतेत गेलेला. जुन्या मारुती व्हॅनमध्ये एकटेच राहायचे. ते म्हणाले, "काय भो, इतली काय काळजी करस? जाताना खुर्ची ठेवी जा. खुर्ची दिसनी का कोणी गाडी लावस नही. आठे सगळा तसंच करतस."

आमच्याकडे घडीच्या तीन खुर्च्या. दवाखान्याच्या अंगणात बसायला बाक नव्हता, म्हणून दोन आम्ही बरोबर न्यायचो. राहिली निळी, भाग्येशची. ती मोहाखाली मांडली आणि गेलो. याच्यात चूक काय झाली, ते मला आजही कुणी सांगावं.

२

पहिल्या संध्याकाळी परत आलो तेव्हा खुर्ची होती तिथेच होती. फक्त तिचे चारही पाय मुरुमात बोटभर रुतले होते.

आता मुरूम म्हणजे काय असतो? त्याच्यावर रोलर फिरवलेला. त्या जमिनीत तंबूची खुंटी ठोकताना माझ्या हाताला फोड आला होता. आणि तीन-चार किलोची कापडी खुर्ची त्यात बोटभर जाते? मी म्हटलं, ओल असेल. झाडाखालची जमीन, मुळं पाणी धरतात. कुणी येता-जाता बसलाही असेल घटकाभर, आपलं काय जातं? मी खुर्ची उपटली, आणि दुसऱ्या दिवशी जाताना वेगळ्या ठिकाणी मांडली.

तिथेही रुतली. शिवाय बैठकीचं कापड खाली झोळ खाऊन होतं. माणूस उठल्यावर कापड परत ताणलं जातं, ते मला कळतं. हे ताणलं गेलं नव्हतं.

"कोणी तरी बसस इठे," मी रंजिताला म्हटलं. "लोकेस्ले फुकट भेटनं का लाजलज्जा ऱ्हास नही."

रंजिताने कापडावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग म्हणाली, "कोमट शे."

"उन्हानी व्हई!"

ऊन केव्हाच गेलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यात भाग्येशचं बोट हललं होतं, आणि त्या आनंदात मला वाद घालायचा नव्हता.

बन्सीलाल त्यांच्या व्हॅनपुढे बसलेले असायचे. त्यांचीही एक खुर्ची होती, लाल. ती व्हॅनपुढे मांडलेली, स्वच्छ पुसलेली, आणि हे गृहस्थ तिच्याशेजारी खाली सतरंजीवर. त्यांनी आमच्या खुर्चीच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. "रुतस का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, म्हातारा सरकलेला आहे.

३

तळ झाडायला फुलीबाई यायची, पलीकडच्या पाड्यावरून. तिच्या घरी उठलं की खाट भिंतीला उभी करायची रीत, बसायची जागा उघडी आणि रिकामी ठेवायची नाही. तशी ती झाडता झाडता आमचीही खुर्ची आडवी करून गेली. आम्ही दुपारी परतलो तर निळी खुर्ची मुरुमावर पडलेली. मी गाडी झाडाखाली घेतली, तोच फोन वाजला. "लगेच या. नाडी लागत नाहीये नीट."

मी गाडी वळवायला लागलो आणि रंजिताने चालत्या गाडीतून उडी मारली. मला वाटलं, बाई वेडी झाली. तिने धावत जाऊन खुर्ची उभी केली, दोन्ही हातांनी दाबून नीट बसवली, आणि मग गाडीत आली.

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर बाहेर उभे होते. "सावरला," ते म्हणाले. "आपोआप सावरला."

परत येताना रंजिता म्हणाली, "खुर्ची पडनी तव्हय तो पडना."

"डोकं ठिकानवर शे ना तुन्हं?"

"मन्हा पोऱ्या बठेल शे तठे. त्याले जागा नही राहिनी तर तो कोठे जाई?"

मी खूप बोललो तिला. शिकलेली बाई, शाळेत पोरांना गणित शिकवतेस, असं तसं, नको ते. पण ती ऐकेना. खुर्चीच्या पाठीवर त्याची शाल टाकली. जेवताना एक ताट तिथे ठेवू लागली. फुलीबाईला दम दिला, की या खुर्चीला हात लावायचा नाही. एका संध्याकाळी मी तिला त्या खुर्चीपुढे उकिडवं बसून बोलताना पाहिलं. परीक्षेचं, मामाच्या लग्नाचं, गाडीला पडदे कोणते लावायचे याचं. आणि मधेच थांबायची, समोरचा उत्तर देत असल्यासारखी. माझं डोकं फिरलं. पोरगा तिकडे नळ्यांवर आणि ही इकडे कापडाशी गप्पा मारते!

मी गेलो आणि सगळ्या जोराने खुर्चीला लाथ घातली.

खुर्ची जागची हलली नाही. भरलेल्या गोणीला लाथ मारल्यावर जसं होतं तसं झालं. माझाच पाय दुखावला. मग ती हळूहळू कलंडली, एका बाजूवर, आणि शाल खाली पडली.

खिशातला फोन वाजला.

तो मी उचललासुद्धा नाही. रंजिताच्या आधी मीच गुडघ्यांवर बसलो आणि खुर्ची सरळ केली. शाल झटकली, पाठीवर टाकली. "बस रे बाबा," मी म्हणत होतो, "बस, बस, चुकलं मन्हं, बस." हे मीच म्हणत होतो, एसटीचा सीनियर मेकॅनिक हेमकांत. फोन वाजायचा थांबला. थोड्या वेळाने परत आला. घाबरू नका म्हणाले, आता ठीक आहे.

त्यानंतर त्या खुर्चीबद्दल मी एक शब्द काढला नाही. आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. इतके दिवस हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. आता निदान एक खुर्ची सांभाळायची होती.

एका सकाळी मी चहा घेऊन दारात उभा होतो. फुलीबाई झाडत झाडत मोहाखाली आली. खुर्चीला हात लावायचा नाही हे तिला आता पाठ होतं. ती वाकली, झाडू खुर्चीच्या पुढ्यात थांबवला आणि सहज म्हणाली, "पाय घ्या, भाऊ." क्षणभर थांबली. मग खुर्चीखालून झाडू फिरवला आणि पुढे गेली.

मी तिला हाक मारून विचारू शकलो असतो. नाही विचारलं. काय उत्तर आलं असतं आणि मी त्याचं काय केलं असतं?

४

भाग्येशने डोळे उघडले. मग पाणी प्यायला. मग बसला. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरांना आणून दाखवायचे. रंजिताने तर दवाखान्यातल्या झाडूवालीपासून सगळ्यांना पेढे दिले. सोडलं तेव्हा सांगितलं की रात्रभर जवळपास राहा, उद्या सकाळी एकदा दाखवा आणि खुशाल घरी जा.

तो आपल्या पायांनी गाडीपर्यंत आला. मी चालकाच्या जागेवर बसलो होतो. मागचं दार उघडलं, रंजिता चढली, जेमतेम कळलं. दार लागलं. मी म्हटलं, "त्याले चढू दे ना आधी."

"नाना, मी बसलोय," मागून आवाज आला.

आजारात वाळलाय, मी स्वतःला सांगितलं. वाळणारच. किती दिवस नळीवर होता पोरगा. पण वाळून माणूस किती वाळतो हो? आणि घरात अहिराणी सोडून आमचा भाग्येश कधी असं पुस्तकातलं बोलला नव्हता. तेही मी दवाखान्याच्या माथी मारलं. तिथे सगळे असंच बोलतात, कानावर पडून पडून लागली असेल सवय.

तळावर आलो. चाकाखाली दगड सारले, बुडबुडा मधे आणला. रंजिता स्वयंपाकाला लागली, आणि तो गाडीत फिरत होता. पडदा ओढून पाहिला, रॅक उघडली, पलंगावर बसला, उठला. मी पाणसळीसमोर उभा होतो. रंजिता पोळपाट घ्यायला वळली की बुडबुडा कापायचा. मी नुसता एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलो तरी कापायचा.

तो दारापासून पलंगापर्यंत चालत गेला आणि बुडबुडा मधोमध, जसाच्या तसा होता.

मी खाली उतरलो. मोहाखाली निळी खुर्ची. पाय मुरुमात वीतभर गेले होते. आता कशाला रुतावी? ज्याच्यासाठी मांडली तो तर आत बसून आईच्या हातच्या पोळ्या मोजतोय! मी खाली बसलो आणि कापडाच्या झोळाखाली तळहात लावला. गिअरबॉक्स उतरवताना खालून हात लावून अंदाज घ्यायची सवय आहे मला. हात वर उचलायचा प्रयत्न केला.

वजन होतं. पूर्ण माणसाचं, कोमट. आणि ते वजन जरासं सरकलं, बसून बसून अवघडलेला माणूस सरकतो तसं. मी ते वजन ओळखलं. लहानपणी खांद्यावर घेतलंय, मोठेपणी पायरीवर रोज ऐकलंय. मी हात काढला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी म्हटलं, "भाग्या?"

"नाना."

आवाज खुर्चीतून आला नव्हता. वर गाडीच्या खिडकीत तो उभा होता. हसत होता. दिसायला माझा पोरगाच, डाव्या भुवईवरच्या व्रणासकट.

"नाना, ती खुर्ची घडी करून टाका ना," तो म्हणाला. "आता कशाला हवी?"

५

सकाळ व्हायच्या आत मी डिझेलचा पाइप काढून ठेवला. रंजिताला सांगितलं, गाडी बिघडलीय. दवाखान्यात रिक्षाने दाखवून आलो. डॉक्टर खूश. रंजिता मात्र माझ्यावर भडकली होती. "तुम्ही स्वतः मेकॅनिक ना? पोऱ्याले घर लई जावानं सोडीसन काय करी ऱ्हायनात तुम्ही?" मी म्हटलं, पार्ट मिळत नाही. तो शांतपणे ऐकायचा. चिडायचा नाही. फक्त दर थोड्या वेळाने विचारायचा, "खुर्ची राहिलीय ना बाहेर?"

मी काय करणार होतो? माझ्याकडे ना कुठला उपाय, ना विचारायला कुणी. खुर्ची होती तोवर माझा पोरगा कुठेतरी बसलेला होता, एवढंच मला कळत होतं. तो मरेपर्यंत तिथे बसला असता तर मीही मरेपर्यंत शेजारी बसलो असतो.

शेवटी दुपारी मी बन्सीलालांकडे गेलो. ते लाल खुर्ची पुसत होते. तिच्या पायांखालचा मुरूम गुळगुळीत, ओरखडासुद्धा नाही.

"तुन्ही अजून रुतस," ते म्हणाले. "नशीबवान शेस भो."

"आणि तुमची?"

"मन्ही रुते. आते नही रुतत." फडकं पिळून त्यांनी परत पुसायला घेतलं. "ममता मन्ही पोर. बरी व्हई गयी, म्हणीसन मीच खुर्ची घडी करी टाकी."

"मग ममता कोठे शे?"

"घर शे, सुरतले. मजामा शे. जेवस, पेस, हासस." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तिन्हं लगीन बी व्हई गयं."

"मग तुम्ही इठे कसाले..."

विचारता विचारताच मला कळलं, आणि मी पळत सुटलो. मला पळताना पाहून कुणी हसलं असतं, असा पळालो. दोन गाड्यांपलीकडे आमची गाडी, गाडीमागे मोह.

मोहाखाली खुर्ची नव्हती. चार खोल भोकं होती.

रंजिता गाडीच्या मागे उभी राहून निळी खुर्ची दोरीने शिडीला बांधत होती. घामाघूम झाली होती, आणि इतक्या दिवसांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "पाहा," ती म्हणाली, "पाइप त्यानीच शोधी काढा, आणि बसाडी बी दिना. तो म्हने, आई, तू फक्त खुर्ची उचल. काय जड व्हती वं माय! उपटता उपटता हात दुखी गयात."

तो पायरीशी उभा होता. माझ्याकडे बघून त्याने पायरीवर पाय ठेवला.

पाटे करकरले. गाडी एका अंगाला चांगली दबली, आणि आत रॅकमधली ताटं-वाट्या खणखणल्या.

"चला ना नाना," तो म्हणाला. मग दोनदा उड्या मारल्या.

रंजिता खळखळून हसली. म्हणाली, "उना मन्हा पोऱ्या परत."

मी गाडी चालू केली. दुसरं काय करणार होतो? तिला काय सांगणार होतो? तळाच्या फाटकाशी वळताना आरशात पाहिलं. मोहाखाली कुणीतरी उभं होतं. दवाखान्याचे हिरवे कपडे, उघडे पाय. ते चार भोकांच्या मधे उभं राहून खाली बघत होतं, बसायची जागा शोधत होतं. मी ब्रेक दाबला. परत पाहिलं तर नुसतं झाड होतं, आणि मागून कुणाची तरी पांढरी गाडी त्या जागेवर वळत होती.

६

घरी सगळं ठीक आहे. तो कामाला लागलाय. आईला हातात ताट देतो. जेवण दांडगं आहे. रंजिताच्या अंगावर मांस आलंय, आणि तिला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिला एक पोरगा मिळालाय. तो तिच्याकडून काढून घ्यायला मी कोण?

मी मात्र इथे येतो. एसटीने नवापूर, तिथून रिक्षा, काखेत निळी खुर्ची. लोकांना सांगतो, मासे धरायला जातो. मोहाखालची जागा रिकामी मिळेपर्यंत थांबतो, मिळाली की खुर्ची मांडतो, पाठीवर शाल टाकतो, आणि शेजारी खाली बसतो. जुनी भोकं सापडतात का पाहिलं, पण वरून इतक्या गाड्या गेल्या आहेत. पलीकडे बन्सीलाल सतरंजीवर असतात. आम्ही एकमेकांशी फारसं बोलत नाही. एखादी गाडी येऊन विचारते, "काका, इथे कुणी आहे का?" मी म्हणतो, जागा धरलेली आहे.

मी बोलतो त्याच्याशी. इठेच शे मी, म्हणतो. चुकलास तर पाण्याच्या बाजूने ये. तुझीच शे ही, निळी. मग कापडाखाली तळहात लावून बघतो. वारं लागलं की कापड फडफडतं.

आज सकाळी फुलीबाई झाडत आली. मी आधीपासूनच तिच्याकडे बघत होतो. मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण बाई, एकदा म्हण. ती माझ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "पाय घ्या, भाऊ." मी पाय घेतले. मग ती खुर्चीकडे वळली, एका हाताने खुर्ची उचलून बाजूला ठेवली, खालचं झाडलं, आणि परत आणून ठेवली.